नवजात बाळाच्या शूटसाठी फोटोग्राफर ठरवताय? या चुका टाळा

माझी बोटं शेकडो फोटोंत आहेत आणि एकाही फोटोत दिसत नाहीत. नवजात बाळांचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत मी बरीच वर्षं असिस्टंट होते. काम एकच: बाळापासून हातभर अंतरावर बसायचं आणि नजर हलवायची नाही. डोकं सावरणारा माझा हात नंतर एडिटिंगमध्ये पुसला जायचा. म्हणून कुणी फक्त फोटो बघून फोटोग्राफर ठरवला की मला काळजी वाटते. जे बघायला हवं, तेच त्या फोटोतून काढून टाकलेलं असतं.

चूक पहिली: तयार फोटोवर भुलणं

बाळ कोपरांवर टेकलंय, हनुवटी दोन्ही तळव्यांत, डोळे मिटलेले. ही फ्रॉगी पोझ तुम्ही पाहिली असेलच. तो एक फोटो नसतो, दोन असतात. एकात बाळाचं डोकं वरून बोटांनी सावरलेलं असतं, दुसऱ्यात खालून मनगटं धरलेली असतात. मग फोटोशॉपमध्ये एकाचा वरचा आणि दुसऱ्याचा खालचा भाग जोडतात आणि असिस्टंटचे हात पुसतात. टांगलेल्या झोळीचंही तेच. बाळ खाली बीन बॅगवर असतं, फांदी आणि दोर नंतर येतात.

एवढा खटाटोप का? नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव हिस्सा असतं आणि ते पेलायची ताकद मानेत नसते. डोकं पुढे कलंडून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते. यातली भीतीची गोष्ट अशी की बाळ तेव्हा ओरडत नाही. ते फक्त शांत दिसतं, आणि नवख्या माणसाला वाटतं, वा, छान झोपलं.

तेव्हा फोटोग्राफरच्या कामातला असा एखादा फोटो दाखवा आणि विचारा, ‘हा कसा काढलात?’ ज्याला काम येतं तो आनंदाने दोन्ही मूळ फोटो काढून दाखवेल, हातासकट. ‘बाळ इतकं गाढ झोपलं होतं की आपोआप तसंच राहिलं’ हे उत्तर मिळालं तर आभार मानून निघा.

आणखी एक करा. निवडक दहा-बारा फोटोंऐवजी एकाच बाळाच्या शूटचे सगळे फोटो बघायला मागा. तेच तेच बाळ चार वेगवेगळ्या फोटोग्राफरांच्या पानांवर दिसत असेल, तर ते फोटो बहुधा एखाद्या वर्कशॉपमधले असतात. तिथे पोझ शिकवणाऱ्याने बसवलेली असते आणि शिकायला आलेले सगळे रांगेने बटण दाबतात. फोटो त्यांचाच, पण हात दुसऱ्याचे.

मी शिकाऊ असताना एका ठिकाणी पत्र्याची बादली प्रॉप म्हणून, म्हणजे फोटोतली सजावटीची वस्तू म्हणून वापरत. आत दुपटी कोंबलेली आणि त्यावर नऊ दिवसांचं बाळ, हात काठावर ठेवलेले. बादलीच्या तळाशी वजन नव्हतं. बाहेर दार आपटलं आणि बाळ दचकलं. नवजात बाळ दचकतं तेव्हा दोन्ही हात एकदम बाहेर फेकतं, सगळं अंग ताणतं. बादली कलली. माझा तळवा मध्ये होता म्हणून ती तिथेच थांबली, आणि तो मध्ये होता कारण मी शेजारची लोकरीची टोपी उचलायला वाकले होते. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. ‘काही झालं नाही ना? चला, पुढचा घेऊ,’ एवढंच ऐकू आलं. फोटो सुरेख आला होता आणि पुढे कितीतरी दिवस तो त्यांच्या जाहिरातीत होता.

उंच प्रॉपच्या तळाशी वाळूची पिशवी किंवा व्यायामाचं वजन हवं, लाइटच्या स्टँडच्या पायावरही हवं. काचेचं किंवा धारदार कडांचं काही नको. आणि बाळाच्या जवळ बसणाऱ्या माणसाला त्या वेळी दुसरं कुठलंही काम नको. फोटोग्राफर एकटाच येणार असेल तर बादल्या, टोपल्या, झोपाळे सगळं बाद. बाळ जमिनीलगत गादीवर किंवा तुमच्या कुशीत, असेच फोटो काढून घ्या. खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतात.

चूक दुसरी: ‘किती वर्षं करताय?’ एवढंच विचारणं

पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढलेल्या माणसाला उजेड कळतो, बाळ कळेलच असं नाही. नवजात बाळं किती हाताळली, महिन्याला किती येतात, कुणाच्या हाताखाली शिकलात, हे विचारा. भिंतीवरच्या प्रमाणपत्राला फार महत्त्व देऊ नका, कारण काही तासांच्या ऑनलाइन कोर्सचंही प्रमाणपत्र मिळतं. बाळाचा श्वास अडकला तर काय करायचं याचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का आणि शेवटचं कधी घेतलं, हे मात्र जरूर विचारा.

माझा आवडता प्रश्न वेगळाच आहे: ‘एखादं शूट अर्धवट थांबवलंय का? का?’ अनुभवी माणसाकडे याच्या दोन-तीन गोष्टी असतातच. बाळ तापल्यासारखं वाटलं, दूध ओढत नव्हतं, ठरलेली पोझ त्याला सोसेना. कधीच थांबवलं नाही असं जो अभिमानाने सांगतो, त्याने फारशी बाळं हाताळलेली नसतात, किंवा हाताळलेल्यांकडे लक्ष दिलेलं नसतं.

चूक तिसरी: चौदा दिवसांची धास्ती

‘पाच ते चौदा दिवसांतच शूट व्हायला हवं, नाहीतर संधी गेली’ असं सांगून घाई केली जाते. त्यात तथ्य आहे, पण फक्त फोटोपुरतं. या दिवसांत बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुटकुळं करून राहतं. पुढे झोप सावध होते, पोटदुखीची रडारड सुरू होते, चेहऱ्यावर बारीक पुरळ येतं.

बाळाच्या बाजूने बघा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि ते भरून यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. दूध पाजणं रुळायचं असतं, कावीळही याच दिवसांत चढते. अशात कपडे काढून तीन तास पोझ देणं प्रत्येक बाळाला झेपत नाही. वेळेआधी जन्मलेल्या किंवा अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या बाळासाठी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीखच घेऊ नका.

उपाय सोपा आहे. गरोदरपणातच बुकिंग करा, पण तारीख मोकळी ठेवा आणि पुढे ढकलली तर पैसे कापणार का ते आधीच विचारा. महिन्याचं बाळ असलं तरी चालतं. दुपट्यात सैलसर गुंडाळून किंवा आई-बाबांच्या हातात उत्तम फोटो येतात. ‘आता उशीर झाला, काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्याला एकच प्रकारचं काम येतं, एवढाच त्याचा अर्थ.

चूक चौथी: खोली न बघता होकार देणं

नवजात बाळ थंडी वाजली तरी मोठ्यांसारखं कुडकुडत नाही. म्हणून उघड्या अंगाचे फोटो काढताना खोली साधारण 26 ते 28 अंशांवर ठेवतात. मोठ्या माणसांना घाम फुटतो, फोटोग्राफर टी-शर्टवर असतो. पण बाळ गुंडाळलेलं असेल तेव्हा तेवढीच ऊब जास्त होते, आणि हे बरेच जण विसरतात. भिंतीवर थर्मामीटर आहे का बघा. हीटरचा झोत थेट बाळावर नको, आणि बंद खोलीत कोळसा किंवा गॅस जाळणारं काहीही नको. बाळाला गरम होतंय का हे हातपाय चाचपून कळत नाही, मानेमागे आणि छातीवर हात ठेवून कळतं. काखेतलं 36.5 ते 37.5 अंश तापमान ठीक.

बाळ झोपावं म्हणून कानाशी मोबाइल ठेवून पावसाचा किंवा घुरघुरणारा आवाज लावायची सवय अनेकांना असते. आवाज लावायला हरकत नाही, पण लांबून आणि हळू. फ्लॅशची मात्र लोक उगाच जास्त भीती घेतात. सॉफ्टबॉक्समधून, म्हणजे पांढरं कापड लावलेल्या पेटीतून पसरून येणाऱ्या फ्लॅशने डोळ्यांना इजा होत नाही. त्यापेक्षा सतत पेटलेला तापणारा दिवा आणि डगमगता स्टँड यांचं भय बाळगा.

प्रत्येक बाळानंतर रॅप (बाळाला गुंडाळायची कापडं), टोप्या आणि चादरी धुतल्या जातात का, तेही विचारा. उघडी बाळं बीन बॅगवर शू करतात, शी करतात, हे रोजचंच. चादरीखाली पाणी न शोषणारं कव्हर नसेल तर आधीच्या बाळाचं सगळं त्या बीन बॅगेत मुरलेलं असतं.

चूक पाचवी: ‘साधा खोकला आहे हो’

डांग्या खोकला मोठ्यांमध्ये नुसता रेंगाळणारा खोकला वाटू शकतो, तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर बेततो. त्याची बाळाची पहिली लसच मुळी सहा आठवड्यांच्या आधी देत नाहीत, म्हणजे शूटच्या वेळी बाळाकडे तिचं कवच नसतं. फोटोग्राफर आणि असिस्टंट, दोघांनीही या लसीचा बूस्टर आणि फ्लूची लस घेतलीय का, हे विचारायला लाजू नका. ज्यांना हे काम कळतं ते चिडत नाहीत. ओठावर तापाची पुळी आलेल्या माणसाने बाळाचा मुका घेणं तर दूरच, त्या दिवशी कामालाच येऊ नये. त्या पुळीतला विषाणू नवजात बाळाला फार घातक ठरू शकतो. कुणी खोकत आलं तर दारातूनच शूट पुढे ढकला.

तुमच्याकडूनही एक गोष्ट राहून जाते. बाळ पायाळू होतं का, प्रसूतीत खांद्याचं हाड दुखावलं का, खुब्याची तपासणी बाकी आहे का, हे फोटोग्राफरला सांगा. पाय सरळ ओढून घट्ट बांधणं कुठल्याच बाळाच्या खुब्याला बरं नाही, आणि पायाळू बाळांना खुबा निखळण्याचा धोका मुळातच जास्त असतो. रॅप कितीही नीटनेटका दिसला तरी आत पाय गुडघ्यात वाकून बाहेरच्या बाजूला मोकळे हलले पाहिजेत.

चूक सहावी: शूट सुरू झाल्यावर गप्प बसणं

रात्रीच्या जागरणाने आई-बाबा सोफ्यावर पेंगतात किंवा ‘यांना कळतं’ म्हणून बघत बसतात. तुमच्यापैकी एकाने जागं राहायचं. काय दिसलं तर काय करायचं, ते सांगते.

हात किंवा पाय जांभळट दिसला तर तो पोझमध्ये दबलाय. लगेच मोकळा करायला सांगा, रंग थोड्या वेळात परत येतो. ओठ, जीभ किंवा चेहरा निळसर झाला तर ती वेगळी गोष्ट. बाळ उचला आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

नवजात बाळ मिनिटाला 30 ते 60 वेळा श्वास घेतं आणि मध्येच काही सेकंद थांबतंही, त्याने घाबरू नका. पण प्रत्येक श्वासाला कण्हणं, नाकपुड्या फुलणं किंवा बरगड्यांमध्ये खड्डे पडणं दिसलं तर फोटो विसरा आणि डॉक्टर गाठा. 38 अंश किंवा त्याहून जास्त ताप असला तरी तेच.

बाळ झोपतच नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. आधी दूध पाजा, ढेकर काढा, लंगोट बदला आणि वीस मिनिटं कुणीही हात लावू नका. तरी जागं राहिलं तर उघड्या डोळ्यांचे फोटो घ्या. मध किंवा साखरपाणी चाटवायला कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देतच नाहीत.

पोझ बसवताना बाळ अंग ताणतंय, परत परत हात काढून घेतंय, तर ती पोझ त्याला नको आहे. चांगला फोटोग्राफर दोनदा प्रयत्न करतो आणि सोडून देतो. तिसऱ्यांदा दाबून बसवायला लागला की तुम्ही ‘राहू द्या’ म्हणा. मी अनेकदा मनात म्हणायचे, या आईने आता बोलावं. असिस्टंटचं ऐकत नाहीत, आईचं ऐकावं लागतं.

करारात तीन गोष्टी वाचा: किती फोटो मिळणार, ते किती दिवस जपून ठेवणार, आणि बाळाचे फोटो तुमच्या लेखी परवानगीशिवाय कुठे टाकणार नाहीत ना. उघड्या अंगाच्या फोटोंसाठी ही परवानगी वेगळी घ्यायला लावा.

फोटो हातात आल्यावर बाळ गुलाबी, नितळ दिसेल. पण एडिटिंगमध्ये आम्ही सगळ्यात आधी पिवळेपणाच काढतो. म्हणून फोटो बघून कावीळ गेली असं समजू नका. दिवसाच्या उजेडात खऱ्या बाळाच्या कपाळावर आणि छातीवर बोट हलकंच दाबून सोडा आणि खालची त्वचा कशी दिसते ते बघा. पिवळसर छटा पोटापर्यंत किंवा पायांपर्यंत उतरली असेल, बाळ दूध कमी पीत असेल, किंवा दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा तसाच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.