धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांत, पॅरिशमध्ये) महिला मंडळ कसं चालू करायचं

वसईकडच्या कुठल्याही चर्चमध्ये बघा, फुलं, झाडू, चहा हे सगळं बायकाच बघतात, पण मंडळ म्हणजे तेवढंच नाही हो. आधी फादरना भेटा, पॅरिश कौन्सिलला, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीला कळवा, मग रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) अर्धा तास बसा, लांबवलं की घरी भात राहिलाय म्हणून सगळ्या उठतात.

पहिलं काम आजारी माणसांचं धरा. प्रत्येक आळीतून एकीने नावं आणायची, दोघी-दोघींनी जायचं, आणि तिथे बसून नुसतं बोलायचं, उपदेश नको, म्हातारीला कोळंबीच्या भावावर बोलायचं असेल तर त्यावरच बोला, आणि कोणाला घरी कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) हवं असेल तर फादरना सांगा.

मारियामातेचा सण 8 सप्टेंबरला, म्हणजे नोव्हेना (सणाआधीची 9 दिवसांची प्रार्थना) 30 ऑगस्टपासून, 9 दिवस 9 आळ्यांना वाटून द्या. ऑक्टोबरात रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आहेच.

पैशाची वही दोघींकडे ठेवा, दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा, भांडणं इथेच होतात, आमच्याकडे एकदा मेणबत्त्यांच्या हिशेबावरून दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. आणि सुनांना पण बोलू द्या, नाहीतर त्या दुसऱ्या मीटिंगला येतच नाहीत.