ओट्याची कड निवडताना या चुका टाळा

ओट्याचा दगड निवडायला लोक महिना घालवतात आणि कडेचं विचारलं की म्हणतात, "करा काहीतरी छान मोल्डिंग." मग वर्षभराने फोन येतो.

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक म्हणजे फुल राउंड, म्हणजे वरपासून खालपर्यंत पूर्ण गोल कड. हाताला गुळगुळीत, फोटोत सुरेख. पण पाणी गोलाई सोडत नाही. कडेवरून वळून ते दगडाच्या पोटाला चिकटतं आणि आत सरकून खालच्या ड्रॉवरवर उतरतं. एका घरी सिंकशेजारच्या ड्रॉवरचं तोंड असंच फुगलं होतं. प्लंबर तीनदा येऊन गेला, सिलिकॉन दोनदा भरून झालं, शेवटी खापर सुताराच्या डोक्यावर. मी तांब्याभर पाणी कडेवर सोडलं आणि दगडाखालून हात फिरवला. बोटं ओली. ती कड मीच करून दिली होती, हे सांगताना जीभ जड झाली. मग उताणं झोपून, तोंडावर धूळ घेत, कडेपासून बोटभर आत खालून ३ मिलीमीटर खोल खाच मारली. थेंब तिथे तुटतो.

तेव्हापासून मी फक्त वरची धार गोल करतो, खालची सरळ ठेवतो. खाच मारायची ती कारखान्यात, पाण्याची धार चालू ठेवून. "इथेच मारा ना पटकन" म्हणणाऱ्यांना माझा नकार असतो. कोरड्या ग्राइंडरच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात कायमची बसते. ग्रॅनाइटपेक्षा क्वार्ट्झच्या, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम दगडाच्या, धुळीत ती कितीतरी जास्त.

"एकदम शार्प कड हवी" हा दुसरा हट्ट. जड भांडं एकदा आपटलं की टवका उडतो, तोही बहुधा सिंकच्या तोंडाशी. ३ मिलीमीटरपेक्षा कमी गोलाई मी देत नाही. रुसलात तरी चालेल.

ओजी, म्हणजे इंग्रजी S सारखी वळणाची कंगोरेदार कड शोभते खरी, पण खोबणीतला चिकटा ब्रशने काढायची तयारी ठेवा.

जाडी दाखवायला खाली पट्टी चिकटवायची असेल, तर ती त्याच लादीतून कापायला सांगा. शिरा असलेल्या दगडात साध्या जोडाची रेघ लपत नाही, तिथे दोन्ही तुकडे तिरपे कापून ४५ अंशाचा जोड घ्या.

काळ्या दगडाची कड ताब्यात घेताना घाई नको. पॉलिशचे टप्पे गाळले की कड राखाडी पडते, आणि मग कुणीतरी हळूच मेण चोळतं. ओली असताना कुठलीही कड काळीच दिसते. म्हणून साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, टॉर्च आडवा धरा आणि वरच्या पृष्ठभागाशी ताडून पाहा.

राहिला बाहेरचा कोपरा. नमुन्याच्या तुकड्याला तो नसतो, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. नकाशात बघा, जाण्यायेण्याच्या वाटेवर येत असेल तर तो वरून पाहताही गोल हवा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात मांडी काळीनिळी.