मिक्सर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

मिक्सर बंद पडला की आधी प्लग काढा, तो उलटा करा आणि बुडाचं लाल बटण बघा. घट्ट वाटण किंवा भांडंभर खोबरं एकदम फिरवलं की मोटरवर ताण येऊन हे बटण उडतं. थोडा गार होऊ द्या, बटण दाबा. बऱ्याचदा काम इथेच होतं, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

मोटर फिरतेय पण पातं नाही, तर कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दाते झिजलेत. चटणीत काळपट तेल उतरतंय, भांड्याखालून पाणी गळतंय, तर भांड्याचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, गेलाय. तो बदलेपर्यंत त्या भांड्यात काही वाटू नका. मध्येच थांबतो, खालच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, तर बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, झिजून संपलेत. ते जोडीनेच बदलायचे. ही सगळी किरकोळ कामं, यासाठी मिक्सर भंगारात काढू नका.

जळका वास, धूर आणि मग सामसूम झाली तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळलंय. रिवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळणं, होतं, पण खर्च नव्या मिक्सरच्या निम्म्यावर जात असेल तर माझं मत नव्याच्या बाजूने. बॉडीला तडा गेलाय किंवा हाताला झिणझिण्या येतात, तर तो वापरणं ताबडतोब थांबवा.

दुरुस्तीला देताना काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या.