भिंती असूनही सिग्नल फुल्ल!

एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये अग्निशमन दलाचं एलटीई (४जी) नेटवर्क सिम्युलेट करत होतो. बहुमजली इमारत उभी केली, तरी बेसमेंटमधल्या जवानाला रेंज अगदी झकास! एवढं चांगलं म्हणजे गडबडच. एलटीई हेल्पर (एलटीई नेटवर्क उभं करणारा एनएस-३ मधला कोड) सिग्नल किती क्षीण होतो ते ज्या मॉडेलने मोजतो, ते डिफॉल्ट मॉडेल फ्रिस निघालं. मोकळ्या हवेचं, भिंती त्याच्या गावीही नसतात.

इमारती धरून हिशोब करणारं हायब्रिड-बिल्डिंग्ज मॉडेल लावलं, तर सिम्युलेशन सुरू होताच आपटलं. प्रत्येक नोडची (नेटवर्कमधल्या उपकरणाची) मोबिलिटी, म्हणजे जागा आणि हालचाल, ठरवल्यावर त्याला इमारतींची माहिती जोडणारं बिल्डिंग्ज-हेल्परचं इन्स्टॉल चालवलं, बेस स्टेशनवरसुद्धा (हेच बहुतेकांचं राहतं), तेव्हा गाडी रुळावर आली.

बाहेरच्या भिंतीचा प्रकारही बदलला: खिडक्यांचं काँक्रीट ७ डेसिबल खातं, बिनखिडक्यांचं १५.

डिफॉल्ट वारंवारता २१२० मेगाहर्ट्झ. अमेरिकेचा सार्वजनिक सुरक्षेचा बँड १४ हवा म्हणून ईएआरएफसीएन (एलटीई चॅनेलचे क्रमांक) डाउनलिंकला ५३३० आणि अपलिंकला २३३३० दिले. आता बेसमेंटमध्ये डेटाची पॅकेट गळतात, खऱ्यासारखीच.