ठाणे-नवी मुंबईहून घारापुरी: एका दिवसात, पण घाई न करता

अटल सेतूवरून शिवडीकडे जाताना डाव्या हाताला दोन टेकड्यांचं हिरवं बेट दिसतं, ते घारापुरी. पर्यटक त्याला एलिफंटा म्हणतात आणि मुंबईच्या यादीत घालतात. प्रत्यक्षात ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे आणि त्याला स्वतःची ग्रामपंचायत आहे. आपल्याकडचे बरेच जण शाळेच्या सहलीला एकदा तिथे जाऊन आलेले असतात. विचारलं तर आठवतात ती माकडं आणि भाजलेली कणसं. 1987 पासून जागतिक वारशात असलेली ही लेणी नीट बघायची असतील, तर दिवस जरा बेतून निघावं लागतं.

आधी वार ठरवा, मग तिथी बघा

सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी उघडी असली तरी सगळी मुंबई तिथे लोटलेली असते. त्यात हार्बरचा मेगाब्लॉक लागला, तर सकाळचा अर्धा वेळ फलाटावरच जातो. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. रजा मिळत नसेल तर शनिवार, तोही लवकर निघून. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मार्चनंतर दगड तापतो आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचा बंद ठेवतात.

उरणच्या बाजूने जाणार असाल तर भरती-ओहोटी बघायलाच हवी. मोरा बंदरात गाळ फार साचतो आणि पूर्ण ओहोटीच्या आगेमागे लाँच धक्क्याला लागायची पंचाईत होते. त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: दिनदर्शिकेतली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येईल तितक्या वाजता, अंदाजे, पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला. तुम्ही त्या वेळी लेण्यात असता, त्यामुळे अडचण नाही. पौर्णिमा-अमावस्येला मात्र भरती बाराच्या जवळपास आणि ओहोटी संध्याकाळी, नेमकी परतायच्या वेळी. शिवाय ती महिन्यातली सगळ्यात खोल ओहोटी. महाशिवरात्रीला बेटावर भाविकांची मोठी गर्दी असते. ती तिथी वद्य चतुर्दशी, त्यामुळे त्या दिवशीही दुपार कलल्यावर पाणी उतरलेलं असतं. दर्शनाला जाणाऱ्यांनी हे धरूनच निघावं, आणि ज्यांना शिल्पं बघायची आहेत त्यांनी तो दिवस सोडावा.

कुठून बसायचं

बिनघोर रस्ता गेटवेचाच. ठाण्याहून सेंट्रलची फास्ट लोकल, वाशी-बेलापूरहून हार्बर, दोन्हींनी सीएसएमटी. तिथून टॅक्सी किंवा बेस्टची बस. सकाळी हवा बरी असते, त्यामुळे काळा घोड्यावरून चालत गेलात तरी चालेल. गेटवेला सकाळी नऊच्या सुमारास लाँचा सुरू होतात आणि पोहोचायला साधारण तास लागतो. तिकीट जाण्या-येण्याचं एकच असतं, ते पाकिटात नीट ठेवा. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे वेगळे द्यावे लागतात. हवा आणि फोटो यांसाठी ते देण्यासारखे आहेत.

दुसरा रस्ता आपल्या अंगणातला. 12 जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. ठाणेकरांनी ट्रान्स-हार्बरने नेरुळला यावं आणि उरणची गाडी धरावी. या मार्गावर फेऱ्या कमी आहेत, म्हणून वेळापत्रक बघूनच घर सोडा. उरणहून रिक्षाने मोरा. मोऱ्याहून आणि न्हाव्याहून बेटावर जाणाऱ्या बोटी मुख्यतः गावकऱ्यांच्या सोयीच्या असतात. चढण्याआधी नावाड्याला दोन गोष्टी विचारा: बोट बेटाच्या कुठल्या बंदराला लागणार, आणि परतीची शेवटची किती वाजता. बेलापूर जेट्टीहून 2022 मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाली होती; तिच्या भरवशावर बेत आखायचा असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

माझं मत विचाराल तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तेव्हा गेटवे. दोघं-चौघं हिंडणारे असाल आणि तासभर इकडे-तिकडे झाल्याने बिघडणार नसेल, तर उरण. अटल सेतू यात उपयोगाचा नाही. त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि चारचाकी नेलीत तर गेटवेजवळ पार्किंग शोधत फिरावं लागेल.

कुठूनही बसलात तरी लाइफ जॅकेट घाला आणि त्याचे बंद बांधा. 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाची स्पीडबोट याच मार्गावरच्या प्रवासी लाँचवर आदळली आणि डझनभराहून अधिक माणसं गेली. जॅकेट कळकट आहे, उकडतं आहे, या तक्रारी धक्क्यावर उतरल्यावर करा.

धक्का ते लेणी

शेतबंदरचा धक्का लांबलचक आहे. छोटी आगगाडी असते, मुलांना तिची गंमत वाटते. पण ती भरायची वाट बघण्यापेक्षा मोठी माणसं चालत आधी पोहोचतात. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर भरला की सुमारे 120 पायऱ्या. दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली माळा, मूर्ती, टोप्या. खरेदी उतरताना करा, चढताना थांबलात तर मागच्या लाँचची गर्दी तुम्हाला गाठते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची डोली मिळते. भाव आधी ठरवा, आणि जाण्याचा की जाऊन-येऊन हेही स्पष्ट विचारा.

माकडांना पाण्याच्या बाटलीचं आणि आइस्क्रीमचं भलतं वेड. हातात काही धरू नका, पिशवीची चेन लावा. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. ऑनलाइन काढून ठेवलंत तर रांग वाचते.

पहिलं लेणं, आणि तेच मुख्य

बहुतेक जण उत्तरेच्या दारातून आत शिरतात, सरळ तीन चेहऱ्यांच्या शिवापुढे, म्हणजे महेशमूर्तीपुढे जातात, सेल्फी घेतात आणि दहा मिनिटांत बाहेर येतात. तुम्ही उलटं करा. महेशमूर्ती शेवटी.

दारातच डावीकडे योगीश्वर शिव आणि उजवीकडे नटराज आहे. एक ध्यानात, दुसरा नृत्यात. इथे पाच मिनिटं थांबा, म्हणजे आतल्या काळोखाला डोळे सरावतात. मग उजवीकडे वळा. तिथे लिंगाचा चौकोनी गाभारा आहे, चारही बाजूंना दारं आणि प्रत्येक दाराला दोन असे आठ द्वारपाल. गाभाऱ्याचा रोख पूर्व-पश्चिम आहे, महेशमूर्तीचा उत्तर-दक्षिण. एकाच मंडपात दोन देवळं एकमेकांना छेदून जातात. हे लक्षात आलं की खांबांच्या रांगांचाही उलगडा होतो.

गाभाऱ्याजवळच अंधकासुरवध. शिवाचे सुळे बाहेर आलेले, कपाळ आक्रसलेलं, रक्त झेलायचा वाडगा हातात. मूर्तीचा खालचा भाग गेलेला आहे. 1534 मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेलं आणि त्या काळात बरीच शिल्पं फुटली. त्यामुळे नजर चेहऱ्यांवर ठेवा, पाय शोधत बसू नका.

तिथून नैर्ऋत्येला कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न. वधू वराच्या उजव्या हाताला उभी आहे, म्हणजे लग्न अजून लागायचं आहे. लागलं की ती डावीकडे येते, हे आपल्याकडे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. पार्वतीने मान किंचित खाली घातली आहे, बाप मागून तिला पुढे करतो आहे आणि ब्रह्मदेव भटजी होऊन बसला आहे. बाकीच्या शिल्पांत शिवाचं सामर्थ्य दिसतं. इथे घरातली गडबड दिसते, आणि मला सगळ्या लेण्यात हेच शिल्प जास्त आवडतं. पुढे पूर्वेला कैलास हलवणारा रावण आहे, तोही बघा, पण झीज फार झाली आहे.

आता दक्षिणेच्या भिंतीकडे. तिथे तीन चौकटी आहेत. डावीकडची अर्धनारीश्वराची: नंदीवर रेललेलं शरीर एका बाजूला झुकलं आहे आणि पार्वतीच्या अर्ध्या अंगाच्या हातात आरसा आहे. उजवीकडे गंगाधर, वर तीन तोंडांची गंगा उतरते आहे. मधल्या खोल कोनाड्यात महेशमूर्ती, साडेपाच मीटरच्या आसपास उंच. समोरून तिचे तीनही चेहरे दिसतात, पण तिथेच थांबू नका. आधी डावीकडे सरका: भैरवाचं मिशाळ, चिडलेलं तोंड आणि हातात नाग. मग उजवीकडे: कुरळ्या बटा, भरलेले ओठ, हातात कमळ. मग पुन्हा मधे या. आता मधल्या चेहऱ्याचे मिटलेले डोळे वेगळे दिसतात, कारण दोन्हीकडे काय चाललं आहे ते तुम्ही बघितलेलं असतं.

फ्लॅश मारू नका. बेसाल्टवर सपाट पांढरा डाग पडतो आणि खोली जाते. मोबाइल खांबाला टेकवून घेतलेला फोटो बरा येतो.

हे कोणी कोरलं, यावर गाइड छातीठोक काहीही सांगतात. सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरी राजवट, असं बरेच अभ्यासक मानतात. लेण्यातला शिलालेख पोर्तुगीजांनी हलवला आणि तो पुढे हरवला, म्हणून वाद मिटत नाही.

बाकीचं बेट

दोन ते पाच क्रमांकांची लेणी अर्धवट आहेत, अर्ध्या तासात होतात. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. वेळ असेल तरच. तोफांच्या टेकडीवर मात्र चढा. इंग्रजांच्या काळातल्या तोफा तर आहेतच, शिवाय तिथून जेएनपीए बंदराच्या क्रेन आणि अटल सेतू एका दमात दिसतात. बेटावर समुद्राखालून वीज आली ती 2018 मध्ये. तोवर गावाचं काम संध्याकाळच्या काही तासांच्या जनरेटरवर चालायचं. जेवण गावकऱ्यांच्या खाणावळीत घ्या.

मुक्कामाला परवानगी नाही. गेटवेची शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास सुटते आणि तिला झुंबड असते, म्हणून चारचीच धरा.

आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं, तो इथे सापडणार नाही. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. जोडलेला हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. सेंट्रलने ठाण्याला परतणाऱ्यांना तो वाटेतच पडतो, पण संध्याकाळी बाग बंद व्हायची वेळ झालेली असते. तेव्हा त्यासाठी वेगळी सकाळ काढा, बुधवार सोडून; त्या दिवशी बाग बंद असते.