जुनी बुलेट डोलते? आधी मागचा टायर बघा

एका जुन्या बुलेटची तक्रार: ताशी साठ-सत्तरच्या वर मागून डोलणं आणि वळणात एकदम पडल्यासारखं कलणं. दोष स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये नव्हता, मागे चढवलेल्या 4.00-19 टायरमध्ये (4.00 इंच रुंदी, 19 इंची रिम) होता.

जुन्या बुलेट 350 ला दोन्हीकडे 3.25-19 येतो. मागे 4.00 घातला की व्यास ढोबळमानाने 25.5 वरून 27 इंच होतो. मागचा एक्सल पाऊण इंच वर जातो, पुढचा फोर्क जवळजवळ पाऊण अंश उभा होतो आणि ट्रेल घटतो (ट्रेल म्हणजे स्टिअरिंगची रेषा जमिनीला भेटते तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर; यानेच गाडी सरळ राहते). शिवाय मूळ रिम फक्त 1.85 इंच रुंद. तिच्यावर हा टायर दोन्ही बाजूंनी चिमटतो, माथा टोकदार होतो. खरी गोम हीच.

परत 3.25 बसवला. 3.50 ही चालतो, त्यापुढे मात्र नकोच. बीडला (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडेला) साबणाचं पाणी लावून हवा भरायची; साइडवॉलवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मग मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या टायरपर्यंत सुतळी ताणून चाकं एका रेषेत आणायची. दोन्ही टायर 3.25 असतील तर प्रत्येक बाजूची सुतळी चारही ठिकाणी (प्रत्येक टायरच्या पुढच्या-मागच्या कडेला) टेकते, मागे 3.50 असेल तर पुढच्या टायरला दोन्ही बाजूंनी साधारण 3 मिमी सारखी फट राहते. एकट्यासाठी हवा पुढे 18, मागे 28 पीएसआय.