स्पिनिंग रॉडवर गाइड बसवताना

माजलगाव किंवा विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी मरळ मासा पकडण्यासाठी सात फुटी स्पिनिंग रॉड (गळाची काठी) स्वतः बांधणाऱ्याने गाइड, म्हणजे दोरी ज्यांतून ओवली जाते ती रॉडवरची कडी, कायमचे बसवण्याची घाई करू नये. स्पिनिंग रीलवरून (दोरी गुंडाळण्याच्या यंत्रावरून) दोरी मोठ्या वेटोळ्यांत सुटत असल्याने ही वेटोळी लवकर आवरणे हे पहिल्या दोन-तीन गाइडांचे काम असते. म्हणून २५०० आकाराच्या रीलसाठी पहिला गाइड २५ किंवा २० क्रमांकाचा, स्पूलपासून (रीलवरच्या दोरी गुंडाळलेल्या रिळापासून) साधारण १८ ते २० इंचांवर धरावा, पुढचे झपाट्याने लहान करत न्यावेत आणि त्यानंतर टोकापर्यंत एकाच लहान मापाचे ठेवावेत. क्रमांक हा कड्याचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो, आतले भोक त्याहून लहानच असते. त्यामुळे लीडरची (मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेल्या दोरीच्या तुकड्याची) गाठ सर्वांत लहान गाइडातून अडखळल्याशिवाय जाते का, हे आधी पाहावे (ही तपासणी बहुतेकजण विसरतात). टोकाकडे दोन गाइडांमधले अंतर कमी करत जावे. शेवटी सर्व गाइड चिकटपट्टीने तात्पुरते लावून दोरीला वजन बांधावे, रॉड वाकवावा आणि दोरी जिथे कोनात मोडलेली दिसेल तिथे गाइड सरकवावा किंवा एक वाढवावा. मैदानात दोन-चार फेक टाकून पाहिल्यावरच धाग्याने गुंडाळावे.